कवडीचा बर्फ

“थर्माकोल नको, काकू. बंदी आहे, आणि बाबांना नियम मोडलेला चालत नाही,” सायली म्हणाली.

“मग बर्फ कशाचा करू? खोबऱ्याचा?”

“तेच विचारायला आले ना.”

मे महिना, यवतमाळचं ऊन. माझ्या दुकानाचं शटर हाताला चटका देत होतं आणि समोर बसलेली ही पोरगी मला मोबाइलवर परदेशातलं एक लग्न दाखवत होती. सगळीकडे बर्फ, पांढरी झाडं, नवरीच्या खांद्यावर केसाळ शाल. तिला हुबेहूब तसंच पाहिजे होतं. शाल सोडून. एवढी अक्कल तिला होती.

मी लग्नांचं डेकोरेशन करते. सासऱ्यांच्या वेळी आमचं नुसतं बिछायत केंद्र होतं. बिछायत म्हणजे गाद्या, सतरंज्या, खुर्च्या, मांडव, मोठी भांडी, सगळं भाड्यानं. मी पाटीवर ‘इव्हेंट्स’ हा शब्द रंगवून घेतला. काम तेच राहिलं, पण लोक आता थीम मागतात. थीम म्हणजे मांडवानं आपण मांडव नसून दुसरंच काहीतरी आहोत असं सोंग घ्यायचं. राजवाडा थीम आम्ही केली. गाव थीमही केली, बैलगाडीसकट, आणि ती पाहायला आलेली माणसं बैलगाडीतूनच उतरलेली होती. विंटर थीम मात्र पहिल्यांदाच आली, आणि तीही पारा फुटायच्या दिवसांत.

त्यामागे कारण होतं. लग्न ठरलं होतं डिसेंबरचं. सायली आणि अक्षय एकाच बँकेत कामाला, तिथंच जमलेलं. दोन्ही घरांनी आधी नाकं मुरडली, मग हो म्हटलं. सायलीचे वडील अनंतराव सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. घरातला बल्बसुद्धा ते अर्ज आल्यासारखा विचार करून बदलतात. अक्षयचं घर मारेगावकडचं, कापूसवालं. त्याचे आईवडील तो लहान असतानाच गेले. त्याला वाढवलं त्याच्या थोरल्या काका-काकूंनी. त्यांना तो मोठेबाबा आणि मोठीआई म्हणतो. त्या घरात मोठेबाबांचा शब्द शेवटचा, आणि बहुतेक वेळा पहिलाही.

मोठेबाबांनी सांगितलं होतं, कापूस विकल्याशिवाय लग्न नाही. डिसेंबरात त्यांना भाव पटला नाही. जानेवारीत वाढेल म्हणाले, मग फेब्रुवारीत वाढेल म्हणाले. असं करत करत हिवाळ्यातलं लग्न मे महिन्यात येऊन आदळलं. कापूस घरातच होता. शेवटी भटजींनी यापुढे चांगला मुहूर्त नाही असं सांगितलं, तेव्हा कुठे मोठेबाबा कापसाच्या आधी पुतण्याला उजवायला तयार झाले.

तारीख सरकली, थीम सरकली नाही. कारण डिसेंबरच्या हिशेबानं सायली आणि तिची आई घरी बसून कागदाची बर्फाची फुलं कापत होत्या, आणि तारीख जितकी पुढे गेली तितकी फुलं वाढत गेली. कागद अनंतरावांचे, ऑफिसातले जुने, एका बाजूनं कोरे. जवळ जाऊन पाहिलं तर पाकळीवर ‘सविनय सादर’ असं वाचता यायचं.

“एवढी कापली, ती काय फेकून देऊ?” सायली म्हणाली.

“बजेट काय आहे?”

तिनं सांगितलं. मी पाणी प्यायले.

कमी बजेटचं लग्न आलं की मी पैसा लाइटवर घालते. लाइट चांगला असला की त्याच्याखालचं सामान काय लायकीचं आहे ते कोणाला कळत नाही. बाकी सगळं घरी करायचं. सायलीचं घर आठवडाभर कारखाना झालं. शेतातून वाळक्या पऱ्हाट्या आणल्या. कापूस वेचून झाला की जे काटकुळं झाड उरतं ती पऱ्हाटी, लोक चुलीत घालतात. आम्ही त्या चुन्याच्या पाण्यात बुडवून वाळवल्या, वरून चमकी मारली. झाली थंडीतली झाडं. फुटक्या बांगड्यांच्या काचा दोऱ्यात ओवून लोंबत्या बर्फाच्या कांड्या केल्या. तीन माठ एकावर एक ठेवून, चुना फासून, गाजराचं नाक लावून बर्फाचा बुवा उभा केला. अनंतरावांनी त्याच्या गळ्यात आपला ऑफिसातला मफलर बांधला. तो मफलर बांधताना त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, ह्या माणसाला ही थीम आवडलेली आहे, फक्त ते तसं कोणाला सांगणार नाहीत.

राहिला जमिनीवरचा आणि छतावरचा बर्फ. त्याला कापूसच लागणार होता, आणि भरपूर.

दोन दिवसांनी अक्षय भाड्याचा टेम्पो घेऊन दुकानाच्या मागच्या दारानं आला. सोबत सायली. टेम्पोत गाठोडीच गाठोडी.

“ताई, बर्फ आनला,” तो म्हणाला. “फक्त मोठेबाबाले नका सांगू.”

मी एक गाठोडं सोडलं. मी शहरातली असले तरी यवतमाळची आहे, कापूस बघून ओळखता येतो. बोंडअळीनं खाल्लेल्या बोंडातून पिवळट, चिकटलेला, डागाळलेला कापूस निघतो, त्याला कवडी म्हणतात. व्यापारी त्याच्याकडे बघतानाच तोंड वाकडं करतो. टेम्पोभर कवडी होती.

“अक्षय, हा बर्फ पिवळा आहे.”

“निळ्या लाइटात कोनाले दिसते?”

“चांगला कापूस नव्हता?”

“समोरच्या खोल्यांत हाय ना, छतापर्यंत. पन त्याले हात लावला का मोठेबाबाले झोपेतबी समजते. हे मांगच्या खोलीतलं हाय. कोनी तिकडे जात नाही.”

“अरे, मग विचारून आणायचं.”

तो टेम्पोची दोरी गुंडाळायला लागला. सायलीच बोलली. “तो घरी काही विचारत नाही, काकू. मी सांगून थकले. आमचं लग्न पाच महिने पुढे गेलं, तेव्हाही हा एकदासुद्धा म्हणाला नाही की मोठेबाबा, पुरे झालं.”

“त्यायनं मले वाढवलं ना,” अक्षय म्हणाला.

“म्हणून काय जन्मभर तोंड शिवून बसायचं?”

मी गाठोडं बांधून टाकलं. नवरा-नवरीच्या भांडणात डेकोरेशनवाल्यानं पडायचं नसतं, त्याचे पैसे मिळत नाहीत. पण सायलीचा चेहरा काही मला विसरता येईना. ही मुलगी थट्टा करत नव्हती. तिला खरंच धास्ती होती, की ज्याच्यासोबत आयुष्य काढायचं तो माणूस वेळ आली तर तिच्या बाजूनं तोंड उघडणारच नाही. मी अक्षयला शब्द दिला, माझ्याकडून कुणाला कळणार नाही. अनंतरावांना आम्ही सांगितलं, कापूस ओळखीतून मिळाला. खोटं नव्हतं.

लग्न सायलीच्या घराजवळच्या एका जुन्या हॉलमध्ये, गोरज मुहूर्तावर. म्हणजे दिवस मावळताना, जेव्हा ऊन गेलेलं असतं आणि भिंती तापलेल्या असतात. आम्ही सकाळपासून कामाला लागलो. आधी पाइप उभे केले, त्यांच्यावर मास्किंग केलं. मास्किंग म्हणजे पाइप दिसू नयेत म्हणून ताणलेलं कापड. मग छताला जाळी बांधून तिच्यात कापूस अडकवला. होमाच्या जागेजवळ मी कापसाची एक पुंजकीसुद्धा लावू दिली नाही, आणि स्टेजच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या बादल्या ठेवल्या. कापूस आणि भटजींचं तूप, दोघांना एकमेकांपासून लांब ठेवलेलं बरं.

दुपारपर्यंत आमच्या सगळ्या माणसांच्या हातांवर, मानेवर लाल पुरळ उठलं. मी म्हटलं घामोळं. ह्या दिवसांत घामोळं कोणाला होत नाही? पावडरचा डबा फिरवला. सगळे पांढरे होऊन पुन्हा कामाला लागलो, थीमला शोभलो.

संध्याकाळी निळे एलईडी लावले आणि खरं सांगते, मीच बघत राहिले. पऱ्हाट्या चमकत होत्या, बांगड्यांच्या काचा हलत होत्या, छतावरून ढग उतरल्यासारखा कापूस लोंबत होता. आमचे हे, म्हणजे माझे मिस्टर, पाइप-मांडवातले माणूस, कधी कौतुक न करणारे. तेसुद्धा म्हणाले, “बरं जमलं बाप्पा.”

मग अनंतराव आले. त्यांच्या मागोमाग दोन जंबो कूलर आले. आमच्याकडचा कूलर म्हणजे खिडकीत बसवतात तो डबा नव्हे. लोखंडी खोलीच ती, आत पंखा फिरायला लागला की सोसाट्याचा वारा सुटतो.

“ताई, दोन्ही कूलर वरपक्षाकडे वळवा,” अनंतराव म्हणाले.

“काका, एक इकडे, एक तिकडे ठेवू ना. तुमचीही माणसं आहेत.”

“आमची माणसं सोसतील. सोयऱ्यांना हवा लागली पाहिजे. उद्या कोणी म्हणायला नको, की मुलीच्या बापानं मान ठेवला नाही.”

मान हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जड माल आहे. तो कुठे ठेवायचा यावरून लग्नं मोडतात. मी कूलर वळवले. वाऱ्याचा झोत छताखालून, कापसाच्या पोटाला घासत, थेट वरपक्षाच्या खुर्च्यांवर जायला लागला. कापसाचे बारीक तंतू सुटून हळूहळू खाली यायला लागले.

“काकू, बर्फ पडतोय!” सायलीची एक मैत्रीण ओरडली आणि सगळ्यांनी मोबाइल काढले. मी न केलेल्या कामाचं श्रेय घेतलं.

वरात आली. मोठेबाबा पुढे, पांढरा शुभ्र शर्ट, लाल फेटा, हाताला कोणाचाच आधार नाही. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. बुवासमोर थांबले. तेवढ्यात त्यांच्यातल्याच एका पाहुण्यानं बुवाचं डोकं उचलून आत ओगराळं घातलं, आणि पाणी नाही म्हणून तक्रार केली. माठ तो माठच. मोठेबाबा म्हणाले, “हे काय थीम व्हय?” अनंतराव म्हणाले, “हिवाळा.” मोठेबाबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि मान डोलावली. मान ठेवला.

त्यांना मानाच्या खुर्चीवर, कूलरच्या बरोब्बर समोर बसवलं.

पहिल्यांदा त्यांनी फेट्याखाली बोट घातलं. मग मानेवर. मग शेजारच्या माणसानं कॉलर सैल केली. त्याच्यामागच्या बाईनं पदरातून दंड खाजवायला सुरुवात केली. बघता बघता वरपक्षाच्या सगळ्या रांगा खाजवू लागल्या. फोटोग्राफर बिचारा ओरडत होता, “काका, हात खाली! मावशी, हात खाली!” कोणाचाच हात खाली येईना. पलीकडे वधूपक्ष घामानं निथळत, पण शांत बसलेला.

भटजींनी अंतरपाट धरला. सायली हार घेऊन उभी, अक्षय हार घेऊन उभा. मंगलाष्टकं सुरू होणार एवढ्यात मोठेबाबा उठले.

“थांबा.”

भटजी म्हणाले, “मुहूर्त टळेल.”

“टळू द्या. अनंतराव, इकडं या.”

अनंतराव धावत गेले. “काय झालं?”

“आमच्या मानसायले खाज सुटली. तुमच्या मानसायले नाही. काहून?”

“उकाड्यानं असेल...”

“उकाडा काय फक्त आमच्याच इकडे हाय?” मोठेबाबांनी खांद्यावरची कापसाची पुंजकी उचलली, दोन बोटांत चुरगळली, डोळ्यांजवळ नेली. मग वर छताकडे पाहिलं. “तो निळा लाइट बंद करा बरं. साधा लावा.”

मी आमच्या ह्यांना खूण करणार होते की नका करू. पण ह्यांना आयुष्यभर फक्त बटण दाबायची सवय. त्यांनी दाबलं.

पांढऱ्या लाइटात माझा सगळा बर्फ पिवळा पडला. आणि हॉलमध्ये निम्मी माणसं कापूस पिकवणारी. त्यांच्या तोंडून एकदमच निघालं, “अबे, कवडी!”

आता इथं तुम्हाला एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी मलाही त्या दिवशीच कळली. कापूस उन्हाळाभर घरात कोंडून ठेवला की त्यात बारीक कीड होते. डोळ्यांना नीट दिसत नाही, पण अंगाला लागली की खाज सुटते, पुरळ उठतं. ज्यांच्या घरात कापूस साठवलेला असतो ती माणसं ही खाज बरोबर ओळखतात. आमचं घामोळं घामोळं नव्हतं. आणि अनंतरावांनी मोठ्या मानानं ती सगळी खाज कूलर लावून सोयऱ्यांच्या अंगावर सोडली होती.

“घरात ठेवलेली कवडी हाय हे,” मोठेबाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला. “कोन्या चोट्ट्यानं देल्ली तुमाले? अन् तुमी आनली? आमच्या पोराच्या डोक्श्यावर कवडी टांगली? आमी खेड्यातले म्हनून? तुमच्या मानसायवर एकबी पुंजका पडला नाही. सारी हवा आमच्याकडं!”

“नाही हो, ते तर मान म्हणून...”

“मान! असा मान?”

वरपक्षातले चारपाच जण उभे राहिले. एक जण फेटा काढायला लागला. फेटा काढणं म्हणजे निघण्याची तयारी. भटजींनी पंचांग मिटलं.

अनंतरावांना कापसातलं काही म्हणजे काही कळत नाही. कवडी हा शब्दही त्यांनी ‘कवडीमोल’मधूनच ऐकलेला. पण आपल्या हॉलमध्ये चूक झालेली आहे एवढं त्यांना कळलं, आणि चूक झाली की खालच्या माणसावर न ढकलता स्वतःची सही करायची, एवढं त्यांना नोकरीनं शिकवलेलं. त्यांनी हात जोडले. “दोष माझा आहे. सामान मी नीट तपासायला हवं होतं. आपण म्हणाल ते करतो, पण लग्न थांबवू नका.” आणि ते मोठेबाबांच्या पायांकडे वाकायला लागले.

मला पहिल्यांदा राग आला. मग रडू आलं. मी अक्षयकडे पाहिलं. मी शब्द दिलेला होता, आणि दोन सोयऱ्यांच्या मध्ये बिछायतवालीनं तोंड घातलं तर भांडण दुप्पट होतं, हे मी चांगलं पाहिलेलं आहे. बोलायचं होतं ते अक्षयनं. अक्षय आपल्या मोजड्यांकडे बघत होता.

सायलीनं हातातला हार माझ्या हातात दिला.

“काकू, हा धरा.” मग अंतरपाटाच्या वरून अक्षयकडे पाहत ती म्हणाली, “सांग.”

“सायली, मंग बोलू ना...”

“मग नाही. माझे बाबा वाकताहेत. सांग.”

“थोडा वेळ जाऊ दे, मोठेबाबा शांत होऊ दे...”

“डिसेंबरपासून वेळच जातोय. तू बोलला नाहीस तर मी घरी जाते. माझं घर दोन गल्ल्या सोडून आहे, गाडीसुद्धा लागत नाही.”

ती ओरडली नाही. पण पुढच्या रांगांना ऐकू गेलं, आणि पुढच्या रांगांनी मागच्या रांगांना सांगितलं. सगळ्या हॉलचं खाजवणं थांबलं.

भटजींच्या मदतनिसानं अंतरपाट हातातून सोडला. बहुतेक हात दुखले असतील. अक्षय एकदम सगळ्यांना दिसायला लागला, कपाळावर बाशिंग, गालांवर लाल पुरळ. त्यालाही खाज सुटली होती आणि तो पठ्ठ्या हूं की चूं न करता उभा होता.

“मोठेबाबा,” तो म्हणाला. बाशिंग सरळ केलं. पुन्हा म्हणाला. “मोठेबाबा, त्यायले काही नका बोलू. कापूस म्या आनला.”

“कुठून?”

“घरून.”

“कोन्या घरून?”

“आपल्या. मांगच्या खोलीतून.”

मोठेबाबांनी बोटांतल्या पुंजकीकडे पाहिलं. स्वतःची कवडी त्यांना ओळखू आली नव्हती, हे त्यांना जास्त लागलं असावं.

“मले इचारलं काहून नाही?”

“इचारलं असतं तं तुमी म्हटलं असतं, भाव येऊ दे.”

वरपक्षात कोणीतरी फिस्सकन हसलं. अक्षयची मात्र आता गाडी सुटली होती. “लग्नाचं इचारलं असतं तरी तुमी हेच म्हटलं असतं. म्हनून म्या काहीच इचारलं नाही. हे चूक झाली. पन चूक माही हाय, सायलीच्या बाबाची नाही. शिव्या द्याच्या असन तं मले द्या. अन् मंग लग्न लावा.”

हार त्यानं मुठीत आवळला होता. हारातली फुलं गळत होती. एवढं लांबलचक वाक्य तो घरच्यांसमोर आयुष्यात पहिल्यांदा बोलला असेल.

मोठेबाबा काय बोलणार ह्याची सगळे वाट पाहत होते, पण बोलली मोठीआई. ती इतका वेळ रांगेत बसून एका हातानं पाठ आणि दुसऱ्या हातानं मान सांभाळत होती.

“मी होळीपासून सांगून राह्यली, इका ते कवडी, इका! रोज रातच्याले उठून आंग खाजवतो आमी. डॉक्टर म्हनते अ‍ॅलर्जी. कायची अ‍ॅलर्जी? ह्या मानसाच्या हेकटपनाची अ‍ॅलर्जी! भाव येईन, भाव येईन. हे घ्या, आला भाव. साऱ्या सोयऱ्यायच्या आंगावर आला!”

मग हॉल फुटला. वरपक्ष हसला, वधूपक्ष हसला, ज्याला काही कळलं नाही तोही हसला. बँडवाल्यांना वाटलं लग्न लागलं, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. त्यांना गप्प करायला माणूस धाडावा लागला.

मोठेबाबा हसले नाहीत. ते अनंतरावांकडे वळले. अनंतराव अजून अर्धे वाकलेलेच होते, त्यांना सरळ कधी व्हायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. मोठेबाबांनी त्यांचे जोडलेले हात धरून सुटे केले.

“उठा, इवाई. चूक आमच्या घरची हाय.” इवाई म्हणजे व्याही. तोपर्यंत ते त्यांना अनंतरावच म्हणत होते. मग अक्षयकडे पाहून म्हणाले, “बोलता येते म्हना तुले.” त्यात रागही होता आणि दुसरंही काहीतरी होतं. ते काय हे मला ठरवता आलं नाही, पण अक्षयचे डोळे भरून आले.

शेवटी माझ्याकडे बघून ते गुरकावले, “बाई, तो निळा लाइट लावा. त्याच्यात बरी दिसते.”

आमच्या ह्यांनी बटण दाबलं. सायलीनं माझ्या हातून हार परत घेतला.

भटजी म्हणाले, मुहूर्ताची दोनचार पळं अजून आहेत. मला वाटतं ती त्यांनी खिशातून काढली. मी कूलर बंद करायला निघाले, तर अनंतरावांनी अडवलं.

“बंद करू नका, लोक उकडून मरतील. एक आमच्याकडे वळवा.”

“काका, मग तुमच्याही माणसांना खाज सुटेल.”

“सुटू द्या,” अनंतराव म्हणाले. “आता एकच घर झालं. हवा सारखी वाटली गेली पाहिजे.”

मी एक कूलर वळवला. मंगलाष्टकं संपेपर्यंत दोन्ही पक्ष खाजवत होते. अक्षता टाकायला उजवा हात, खाजवायला डावा. शेवटच्या ‘सावधान’ला भटजींनी अंतरपाट सोडून स्वतःची पाठ खांबाला घासली. जेवणावळीत बुंदीवर चमकी आणि वरणात कापूस निघाला, पण त्याची तक्रार कोणी केली नाही, कारण सगळ्यांचं लक्ष कोणाला कुठे पुरळ आलं ह्याच्यावर होतं. मोठेबाबा आणि अनंतराव शेजारी बसून एकमेकांना खोबरेल तेल लावावं की कडुनिंबाचं पाणी, ह्याचा सल्ला देत होते, शेवटी कडुनिंबावर आले. दोघांमध्ये हा पहिला विषय निघाला ज्यावर त्यांचं एकमत झालं.

लग्नाचा अल्बम मी पाहिला आहे. एकाही फोटोत सगळ्यांचे हात खाली नाहीत. सायलीनं त्यातला एक फोटो तसाच फ्रेम करून घरात लावला आहे.

मोठेबाबांनी पुढच्याच आठवड्यात कापूस विकला, मिळेल त्या भावानं. मोठीआईनं धमकी दिली होती की नाहीतर ती त्या घरात नाही, सुनेकडे जाऊन झोपेल. सायली मध्यंतरी दुकानात आली होती. मी विचारलं, अक्षय बोलतो का आता घरी? म्हणाली, “बोलतो. अजून थोडं ढकलावं लागतं, पण बोलतो. परवा मोठेबाबांना म्हणाला, ह्या वर्षी कापूस दिवाळीतच विका. ते म्हणाले, बघू. आधी म्हणायचे, गप.”

ह्या धंद्यात एवढी लग्नं लावून दिल्यावर मुलींच्या आया मला विचारतात, ताई, मुलगा कसा पारखावा? पगार, घर, शेत, पत्रिका, हे तुम्हीच बघा, मला त्यातलं कळत नाही. मी एवढंच सांगते, की हार घालायच्या आधी एकदा त्याला त्याच्याच घरच्यांसमोर, सगळ्यांच्या देखत, आपली चूक आपली म्हणून सांगायला लावा. सांगितली तर घाला हार.

आणि कापूस मेडिकलमधून घ्या. महाग पडला तरी.